वर नांगर, खाली पाइपलाइन

३१ मार्च २०१८ च्या सकाळी इंडोनेशियातल्या बालिकपापन उपसागरात पाण्यावर आग भडकली आणि पाच माणसं गेली. बोर्निओ बेटाच्या पूर्वेला असलेल्या या उपसागराच्या एका तीरावर पेर्तामिना या सरकारी कंपनीची रिफायनरी आहे आणि पलीकडे लावेलावेला तेलाच्या टाक्या. दोन्हींना जोडणारी २० इंची पाइपलाइन समुद्राच्या तळावरून जाते, आणि तिच्या वरून कोळशाची जहाजं ये-जा करतात. त्यांपैकी ‘एव्हर जजर’ या जहाजाचा १२ टनी नांगर पाइपलाइनीत अडकला. ती शंभर मीटरहून जास्त फरपटत गेली आणि तुटली. पेर्तामिनाने आधी सांगितलं की हे तेल आमचं नाही, कुठल्या तरी जहाजाचं इंधन आहे. फुटलेली पाइपलाइन आपलीच आहे हे कबूल करायला कंपनीला ४ एप्रिल उजाडावा लागला. तेल कंपनीच्या पहिल्या निवेदनावर किती भरवसा ठेवायचा, हे वाचकाने यावरून ठरवावं.

दुसऱ्याच दिवशी, १ एप्रिलला, अमेरिकेत मिशिगन आणि ह्युरॉन या दोन महासरोवरांना जोडणाऱ्या मॅकिनॉ सामुद्रधुनीतून ‘एरी ट्रेडर’ नावाचा बार्ज आणि त्याचा टग पश्चिमेकडे चालले होते. बार्जचा उजव्या बाजूचा नांगर आपोआप सुटला, तळाला टेकला आणि ओढत निघाला. दोन्हींवर मिळून १४ माणसं होती, पण कुणाला पत्ता लागला नाही. त्या नांगराने वाटेत विजेच्या तीन केबल फोडल्या आणि एन्ब्रिज कंपनीच्या ‘लाइन ५’ या जुळ्या तेलवाहिन्यांना पोचे पाडले. केबलमधलं सुमारे ८०० गॅलन खनिज तेल पाण्यात गेलं. पाइपलाइन मात्र टिकल्या, कच्च्या तेलाचा थेंबही बाहेर आला नाही. एकूण नुकसान दहा कोटी डॉलरच्या वर गेलं. तपासात निघालेलं कारण अगदी किरकोळ होतं. नांगराच्या साखळीचा ब्रेक नीट बसवलेला नव्हता आणि निघण्यापूर्वी नांगर पक्का बांधून घेतलेला नव्हता.

दोन दिवसांत जगाच्या दोन टोकांना घडलेल्या या दोन घटना. एकीकडे पाच बळी आणि जहाजाच्या कप्तानाला दहा वर्षांची कैद, दुसरीकडे काही पोचे आणि अजून न मिटलेला राजकीय तंटा. पण घटनेचा गाभा एकच. ना वादळ होतं, ना युद्ध, ना टक्कर. रोजच्या वाटेने रोजचं काम करणारी जहाजं होती, आणि त्यांच्या खाली कुणाच्या तरी मालकीची नळी होती.

या प्रश्नावर चर्चा होते तेव्हा ती पोलादाची जाडी, काँक्रीटचं आवरण, नळी किती खोल पुरली यांच्याभोवती फिरते. हे सगळं महत्त्वाचं आहेच. पण अपघातांचे चौकशी अहवाल एकापाठोपाठ एक वाचत गेलं की वेगळंच काही नजरेत भरतं. नळी अनेकदा पहिल्या फटक्यात फुटत नाही. फटका बसल्याचं ज्यांना कळायला हवं त्यांना ते कळत नाही, किंवा कळूनही वळत नाही, आणि खरं नुकसान या मधल्या काळात होतं. म्हणून हा आढावा मी पोलादापेक्षा निरोपाच्या अंगाने घेणार आहे.

आधी थोडं यंत्रशास्त्र. समुद्रतळावरची तेलवाहिनी किंवा वायुवाहिनी ही पोलादी नळी असते. गंजू नये म्हणून तिला एक लेप असतो आणि बहुधा त्यावर काँक्रीटचा जाड थर. हे काँक्रीट मुख्यतः वजनासाठी असतं, कारण आत वायू भरलेली नळी हलकी होऊन तरंगायला बघते. किनाऱ्याजवळ ती चर खणून पुरतात, खोल पाण्यात नुसती तळावर ठेवतात, आणि जिथे धोका जास्त तिथे वरून दगड टाकतात. व्यापारी जहाजाचा नांगर कित्येक टनांचा असतो. त्याचे दोन पंजे तळात रुतून जहाजाला धरून ठेवतात. जाड नळी लहान नांगराच्या कवेत मावत नाही, तिथे फक्त आपटल्याचा मार बसतो. मध्यम जाडीची नळी मात्र पंजा आणि दांडा यांच्यामध्ये बरोबर बसते, आणि मग जहाजाचं सगळं वजन त्या एका बिंदूवर येतं. जोरात चाललेल्या जहाजाचा सुटलेला नांगर पाण्याच्या ओढीने तळापासून वर उचललाही जातो. त्यामुळे हळू चाललेलं, बंदराच्या तोंडाशी रेंगाळणारं, नांगर घसरत असलेलं जहाज जास्त घातक. वर्दळीच्या जलमार्गात नेमकी अशीच जहाजं असतात.

तळ कशाचा आहे यावरही बरंच अवलंबून आहे. वाळूत नांगराचा पंजा साधारण आपल्या लांबीइतकाच रुततो, मऊ चिखलात त्याच्या तिप्पट ते पाचपट खोल जातो. म्हणजे उत्तर समुद्राच्या वाळूत नळी जितकी पुरली तर निर्धास्त राहता येईल, तितकीच मुंबई बंदराच्या मऊ चिकणमातीत पुरून भागणार नाही.

शिवाय पुरलेली नळी पुरलेली राहतेच असं नाही. ३ ऑक्टोबर १९८९ ला टेक्ससच्या साबीन पास भागात उथळ पाण्यात मासेमारी करणारी ‘नॉर्थंबरलँड’ ही बोट एका १६ इंची वायुवाहिनीवर आदळली. वायू पेटला. बोटीवरच्या १४ जणांपैकी ११ जण गेले. ती नळी १९७३ मध्ये तळाखाली पुरलेली होती. सोळा वर्षांत लाटांनी आणि प्रवाहांनी वरची माती नेली, नळी उघडी पडली आणि कुणी पाहायला गेलं नाही. तळाची वाळू जागा बदलते हे पावसाळ्यानंतर कोकणातला कुठलाही तांडेल सांगेल. अमेरिकेच्या काँग्रेसला मात्र ते कायद्यात लिहिण्यासाठी अकरा माणसांचा जीव जावा लागला. १९९० च्या कायद्याने मेक्सिकोच्या आखातातल्या १५ फुटांहून उथळ पाण्यातल्या वाहिन्या तपासणं आणि उघड्या पडलेल्या पुन्हा पुरणं मालकांवर बंधनकारक झालं.

बोटींबरोबर ड्रेजरही आले. बंदराचा मार्ग खोल ठेवायचा तर गाळ उपसावाच लागतो, आणि गाळ उपसणाऱ्या यंत्राचं काम तळ उकरणं हेच असतं. लुइझियानातल्या टायगर पासमध्ये ऑक्टोबर १९९६ मध्ये एका ड्रेजरने स्वतःला जागेवर धरून ठेवायचा पोलादी खांब तळात सोडला, तो थेट १२ इंची वायुवाहिनीवर. स्फोट झाला, ड्रेजर जळून गेला, २८ माणसं कशीबशी वाचली. २४ वर्षांनी, ऑगस्ट २०२० मध्ये, टेक्ससमधल्या कॉर्पस क्रिस्टीच्या जहाजमार्गात ‘वेमन बॉइड’ या ड्रेजरचं फिरतं पातं प्रोपेन नेणाऱ्या वाहिनीला लागलं. या वेळी पाच माणसं गेली. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने, म्हणजे एनटीएसबीने, दोष ठेवला तो कंत्राटदाराच्या नियोजनावर. उपसा नळीच्या किती जवळ चालणार आहे, हे काम आखतानाच पारखायला हवं होतं, ते झालं नाही. नळी नकाशावर होती आणि तिचा मालकही माहीत होता.

आता निरोपाच्या मुद्द्याकडे येतो. जून २००७ मध्ये इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर टीस नदीच्या मुखाबाहेर ‘यंग लेडी’ हे रिकामं तेलवाहू जहाज नांगर टाकून उभं होतं. वारा वाढला, नांगर घसरू लागला. तो उचलायला गेले तर साखळी ओढणाऱ्या यंत्राची मोटर फुटली. जहाज वाऱ्याबरोबर वाहत गेलं आणि नांगर ‘कॅट्स’ या ३६ इंची वायुवाहिनीत अडकला. सुमारे दहा मिनिटं ते अख्खं जहाज एका उच्चदाबाच्या वायुवाहिनीला बांधल्यासारखं हेलकावे खात होतं. मग मोठ्या लाटांच्या एका रांगेने त्याला उचललं आणि नांगर सुटला. पाइपलाइन आपल्या चरातून वर आली होती, सुमारे सहा मीटर बाजूला सरकली होती, काँक्रीट फुटलं होतं, पोलादाला पोचा पडला होता. वायू मात्र बाहेर आला नाही. ब्रिटिश सागरी अपघात तपास यंत्रणेचा या प्रकरणाचा अहवाल कुणालाही वाचता येतो, आणि वाचावा असा आहे. नांगर घसरतोय हे कळल्यापासून इंजिन चालू करून निघण्यापर्यंत वेळ कसा गेला, हे त्यात टप्प्याटप्प्याने दिलं आहे.

टीसच्या बाबतीत दुर्घटना उघड्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडली म्हणून पुढचं टळलं. कॅलिफोर्नियात उलट झालं. करोनाच्या काळात लॉस एंजेलिस आणि लाँग बीच या जुळ्या बंदरांबाहेर मालवाहू जहाजांची रांग लागली होती. २५ जानेवारी २०२१ च्या वादळी वाऱ्यात ‘एमएससी डॅनिट’ आणि ‘बीजिंग’ या दोन मोठ्या कंटेनर जहाजांचे नांगर घसरले आणि सॅन पेड्रो उपसागरातल्या १६ इंची तेलवाहिनीवरून फरपटत गेले. सुमारे ४,००० फूट लांबीचा पट्टा जागचा हलला, एका ठिकाणी तर १०५ फूट. वाहतूक नियंत्रण केंद्राच्या पडद्यावर जहाजांच्या जागा दिसत होत्या. नळी कुठून जाते हेही सगळ्यांना ठाऊक होतं. पण नळीच्या मालकाला कुणी कळवलं नाही. तेल वाहत राहिलं, वाकलेल्या नळीवर ताण येत राहिला, आणि आठ महिने एक भेग हळूहळू वाढत राहिली.

१ ऑक्टोबर २०२१ ला दुपारी ४ वाजून १० मिनिटांनी गळती सांगणाऱ्या यंत्रणेने पहिला इशारा दिला. इथे दुसरा निरोप चुकला. यंत्रणा गळतीची जागा चुकीची दाखवत होती, समुद्रातल्या प्लॅटफॉर्मपाशी. तिथे पाहिलं तर काहीच नव्हतं. मग नियंत्रण कक्षातल्या लोकांनी इशारा खोटा मानला, पाइपलाइन बंद केली, पुन्हा चालू केली, पुन्हा इशारा आला. रात्रभरात असे आठ इशारे आले. किनाऱ्यावर तेलाचा वास येत होता. अखेर दुसऱ्या दिवशी सकाळी नळी बंद झाली, तोवर सुमारे २५,००० गॅलन तेल हंटिंग्टन बीचच्या समुद्रात गेलं होतं. एनटीएसबीच्या अहवालाने मूळ कारण म्हणून बोट ठेवलं ते जहाजांना नांगर टाकायला नेमून दिलेल्या जागांवर. त्या जागा पाइपलाइनीला लागूनच होत्या. जरा वारा सुटला की नांगर घसरणार आणि घसरला की नळीवर जाणार, हे नकाशा आखला तेव्हाच ठरून गेलं होतं.

या प्रकरणाचा एक जुना भाऊ नॉर्वेत आहे. उत्तर समुद्रातल्या क्विटेब्यॉर्न क्षेत्राच्या वायुवाहिनीला कुठल्याशा जहाजाच्या नांगराने ५३ मीटर बाजूला ओढलं होतं, हे २००७ मध्ये तपासणीत दिसलं. इथे निरोप मिळालेला होता. तरी तात्पुरती पाहणी करून वायू पुन्हा सोडला आणि पक्की दुरुस्ती पुढे ढकलली. ऑगस्ट २००८ मध्ये त्याच वाहिनीला गळती लागली. वायूचा पुरवठा थांबवणं किती महाग असतं हे मान्य केलं तरी, वाकलेल्या नळीतून दाबाने वायू सोडत राहणं हा जुगार होता असंच माझं मत आहे.

अशा पोच्यांचा शोध लावायला साधनं आहेत. ‘पिग’ नावाचं यंत्र नळीतून आतल्या प्रवाहाच्या जोरावर पुढे ढकलत नेतात, ते आतून पोचे, गंज, पातळ झालेली भिंत टिपतं. बाहेरून सोनार आणि दूरनियंत्रित पाणबुडी वाहनं तळाची चित्रं घेतात. पण या तपासण्या ठरावीक मुदतीने होतात आणि नांगर मुदत पाहून येत नाही. म्हणून जहाजाच्या हालचालींवर लक्ष ठेवून त्या दिवशीच शंका घेता आली पाहिजे. ते आज शक्य आहे. मोठं जहाज एआयएस यंत्रणेतून आपलं नाव, जागा, वेग सतत सांगत असतं. ते नळीच्या आसपास अचानक मंदावलं, आडवं वाहू लागलं, तर संगणकाने घंटा वाजवणं ही काही अवघड गोष्ट नाही. एनटीएसबीने कॅलिफोर्निया प्रकरणानंतर हेच सुचवलं. नांगरलेली जहाजं नळीच्या दिशेने सरकू लागली तर नियंत्रण केंद्राला आपोआप इशारा मिळावा, आणि केंद्राने नळीच्या मालकाला लगेच कळवावं. वाचताना नवल वाटतं ते सूचनेचं नाही, ती इतक्या उशिरा करावी लागली याचं.

मॅकिनॉची गोष्ट इथून पुढे राजकारणात शिरते. लाइन ५ तिथे १९५३ पासून आहे. सामुद्रधुनीत २० इंची दोन नळ्या शेजारी शेजारी सुमारे सात किलोमीटर जातात आणि दिवसाला साधारण ५,४०,००० पिंपं कच्चं तेल आणि द्रवरूप वायू नेतात. राज्य सरकारसाठी २०१७ मध्ये केलेल्या एका स्वतंत्र अभ्यासात या ठिकाणचा सर्वात मोठा धोका म्हणून जहाजाच्या नांगराचंच नाव होतं. वर्ष उलटायच्या आत नांगर आला. भाकीत इतक्या लवकर खरं ठरण्याचे प्रसंग विरळच. मग तटरक्षक दलाने सामुद्रधुनीत नांगर टाकायला बंदी घातली. नोव्हेंबर २०२० मध्ये राज्यपाल ग्रेचेन व्हिटमर यांनी १९५३ चा परवानाच रद्द केला आणि पाइपलाइन बंद करायला सांगितलं. कंपनीने ते मानलं नाही, तंटा न्यायालयांत गेला, कॅनडा सरकारही मध्ये पडलं. तळाखालच्या खडकातून बोगदा काढून त्यात नवी नळी घालायची, असा कंपनीचा प्रस्ताव आहे. मिशिगनच्या लोकसेवा आयोगाने डिसेंबर २०२३ मध्ये त्याला मान्यता दिली. तिथल्या मूळ रहिवासी जमातींचा बोगद्यालाही विरोध आहे आणि तो केवळ नांगराच्या प्रश्नापुरता नाही. मासेमारीचे करारातले हक्क आणि पाणी हा त्यांचा मुद्दा आहे. बोगद्यात नांगर पोहोचणार नाही, हे खरं. पण तेल वाहतच राहणार का, हा प्रश्न नांगराच्या नावाखाली लपवला जातो, असं विरोधक म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे.

बोगदा होईल तेव्हा होईल. दरम्यान कंपनीने मॅकिनॉ सिटीत चोवीस तास चालणारं एक देखरेख केंद्र उभारलं आहे. सामुद्रधुनीकडे येणाऱ्या जहाजांशी तिथून रेडिओवर बोलून तुमचे नांगर बांधलेले आहेत ना, हे विचारून घेतात. एवढंच. २०१८ मध्ये हा प्रश्न कुणी विचारला असता तर कदाचित कुणी पुढे जाऊन साखळी पाहिली असती.

आतापर्यंत नजरचुकीच्या गोष्टी पाहिल्या. गेल्या काही वर्षांत बाल्टिक समुद्राने संशयाचं नवं पान उघडलं. ८ ऑक्टोबर २०२३ च्या मध्यरात्रीनंतर फिनलंड आणि एस्टोनियाला जोडणाऱ्या ‘बाल्टिककनेक्टर’ वायुवाहिनीचा दाब एकाएकी ३४ बारवरून १२ वर कोसळला. समुद्राखाली ७७ किलोमीटर लांबीची ही वाहिनी जेमतेम चार वर्षांची होती. काही दिवसांनी फिनिश यंत्रणांनी तळावर नांगराच्या ओरखड्याचा माग काढला आणि जवळच सहा टनांचा तुटलेला नांगर वर काढला. संशय ‘न्यून्यू पोलर बेअर’ या हाँगकाँगच्या झेंड्याखालच्या कंटेनर जहाजावर गेला, ज्याच्या पुढच्या भागातला एक नांगर जागेवर नव्हता. चीनने पुढे नुकसान या जहाजाने केल्याचं मानलं, पण वादळात झालेला अपघात म्हणून. दुरुस्त होऊन वाहिनी एप्रिल २०२४ मध्ये पुन्हा चालू झाली. मुद्दाम की अपघात, यावर युरोपात अजून वाद चालतो. समुद्रतळावर दोन्हींच्या खुणा एकसारख्याच उमटतात, त्यामुळे हा वाद लवकर मिटेल असं वाटत नाही.

कायदा इथे पांगळा पडतो. १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याच्या कराराचं ११३ वं कलम जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणे केबल-पाइपलाइन तोडणं हा गुन्हा मानायला सांगतं. पण खटला भरायचा तो ज्या देशाचा झेंडा जहाजावर आहे त्या देशाने, किंवा आरोपी ज्या देशाचा त्याने. डिसेंबर २०२४ मध्ये ‘ईगल एस’ या तेलवाहू जहाजाचा ११ टनी नांगर सुमारे ९० किलोमीटर ओढला गेला आणि फिनलंड-एस्टोनियामधली वीजकेबल तुटली. फिनलंडने जहाज अडवलं, अधिकाऱ्यांवर खटला भरला. ऑक्टोबर २०२५ मध्ये हेलसिंकीच्या न्यायालयाने तो फेटाळला, कारण घटना देशाच्या प्रादेशिक समुद्राबाहेर घडली होती आणि अधिकार झेंड्याच्या देशाचा होता. तो देश म्हणजे प्रशांत महासागरातली कुक बेटं. भाड्याने झेंडे देणाऱ्या अशा देशांकडून समुद्रतळाच्या राखणदारीची अपेक्षा करणं भाबडेपणाचं आहे.

त्याच करारातलं ११५ वं कलम मला जास्त शहाणपणाचं वाटतं, पण त्याची आठवण कुणी काढत नाही. नळी वाचवण्यासाठी कप्तानाने नांगर किंवा जाळं सोडून दिलं, आणि आधी वाजवी काळजी घेतली होती, तर त्याची भरपाई नळीच्या मालकाने द्यायची. नांगर आणि साखळी सोडून देणं कप्तानाला जड जातं. मालक काय म्हणेल ही धास्ती असते, आणि त्या धास्तीत तो ओढत राहतो. पैसे परत मिळतील हे त्याला ठाऊक असेल, तर तो साखळी सोडण्याचा निर्णय पाच मिनिटं आधी घेईल. त्या पाच मिनिटांत नळी वाचू शकते.

आपल्या समुद्रात हे सगळं आहे. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवरच्या मुंबई हायमधून तेल आणि वायू समुद्राखालच्या वाहिन्यांनी उरणला येतात. बंदराच्या आत जवाहर द्वीपावर तेलवाहू जहाजं लागतात आणि तिथून वाहिन्या चेंबूर-माहुलच्या रिफायनऱ्यांकडे जातात. त्यांच्या वरून मुंबई आणि जेएनपीटी या दोन बंदरांची जहाजं, कोळ्यांच्या बोटी, मांडव्याच्या फेऱ्या, नौदल, ड्रेजर असा सगळा राबता. ऑगस्ट २०१० मध्ये ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ या जहाजांची बंदराच्या तोंडाशी टक्कर झाली. तेव्हा सांडलेल्या तेलाची चर्चा खूप झाली, पण जहाजावरचे शेकडो कंटेनरही पाण्यात पडले होते आणि वाहतूक दिवसचे दिवस बंद होती. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळात मुंबई हायजवळच्या ‘पी-३०५’ या बार्जचे नांगर तुटले, तो भरकटत गेला आणि बुडाला. सत्तरहून जास्त माणसं गेली. नांगर वादळात दगा देतात याचा याहून भयानक दाखला शोधायला नको. आणि जिथे तो भरकटला तिथे तळावर नळ्यांचं जाळं आहे.

जहाजाने नळी फोडल्याची भारतातली सर्वात मोठी घटना मात्र तळावर घडली नाही. २७ जुलै २००५. आदल्या दिवशी मुंबई बुडाली होती. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता आणि शहराचं लक्ष स्वतःकडेच होतं. समुद्रात ‘समुद्र सुरक्षा’ या ओएनजीसीच्या कामावरच्या जहाजातल्या स्वयंपाक्याची बोटं कापली होती. खराब हवेमुळे हेलिकॉप्टर मिळेना, म्हणून त्याला क्रेनच्या पाळण्यातून मुंबई हाय नॉर्थच्या प्लॅटफॉर्मवर घ्यायचं ठरलं. जहाज वाऱ्याच्या बाजूने, मागच्या अंगाने, प्लॅटफॉर्मजवळ आणलं. त्याच्या यंत्रांत बिघाड होता आणि हाताने ते सावरत होते. लाटांनी ते पुढे ढकललं आणि त्याच्या हेलिकॉप्टर-तळाची कड रायझरला लागली. रायझर म्हणजे समुद्रतळावरची वाहिनी जिथे उभी होऊन प्लॅटफॉर्मवर चढते तो भाग. वायू सुटला, पेटला, आणि दोनेक तासांत प्लॅटफॉर्म कोसळला. २२ माणसं गेली, ३६२ वाचवली. एका माणसाच्या जखमेवर उपचार करायला निघालेल्या जहाजातून हे झालं, आणि निर्णय घेणाऱ्या प्रत्येकाला आपण योग्यच करतोय असं वाटत असणार. रायझर जहाज लागायच्या बाजूला, उघडे होते. त्यांना अडथळ्याची चौकट असती तर कदाचित धक्का नुसता धक्का राहिला असता.

या घटनेची चौकशी झाली, सूचना निघाल्या, प्लॅटफॉर्म पुन्हा उभा राहिला. पण टीस किंवा हंटिंग्टन बीचसारखा मिनिटामिनिटाचा हिशेब मांडणारा अहवाल लोकांपुढे ठेवण्याची सवय आपल्याकडे नाही. याचा तोटा सर्वात आधी खलाशांना आणि मच्छीमारांना होतो. कोळ्यांचे डोल जाळ्यांचे खुंट कुठे, ट्रॉलरची ओढ कुठे आणि नळ्या कुठे, हे तिघांनी एकत्र बसून आखायचं असतं. आज नळीच्या वाटेची बातमी मच्छीमाराला बहुधा ‘इथे जाळं टाकू नका’ या एका वाक्यात मिळते. कारण सांगितलेलं असेल तर माणूस नियम पाळतो, आणि तळावर काही वेगळं दिसलं की आपणहून कळवतोही. हजारो बोटी रोज तळ चाचपत असतात. त्यांच्याहून स्वस्त देखरेख कुठल्याही कंपनीला मिळणार नाही.

खर्चाबद्दल एक उदाहरण पुरे. हंटिंग्टन बीचच्या गळतीनंतर पाइपलाइनीच्या मालकाने दिवाणी दाव्यांत ५ कोटी डॉलर दिले आणि फौजदारी प्रकरणात दंड आणि खर्चाची भरपाई मिळून सुमारे १.३ कोटी भरले. जहाजांच्या बाजूने आणखी साडेचार कोटी निघाले. ही सगळी रक्कम दोन जहाजांचे नांगर घसरल्याचं एका माणसाने दुसऱ्याला न कळवल्याची आणि नंतरचे इशारे खोटे मानल्याची किंमत होती.

पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली आहे. मच्छीमारांचा त्याला असलेला विरोध हा स्वतंत्र आणि मोठा विषय आहे. पण नकाशा उघडला तर आणखी एक गोष्ट दिसते. वसईच्या समुद्रातल्या क्षेत्रातून वायू नेणाऱ्या वाहिन्या उत्तरेला हजीऱ्याकडे जातात, आणि वाढवणला पश्चिमेकडून येणाऱ्या मोठ्या कंटेनर जहाजांची वाट त्यांना आडवी जाईल असं दिसतं. बंदर पूर्ण झालं की धक्क्याची वाट पाहणारी जहाजं बाहेर कुठे तरी नांगर टाकून उभी राहतील. ती जागा कुठे असावी, पावसाळी वाऱ्यात नांगर घसरला तर तो कुठल्या दिशेने जाईल, आणि तेव्हा फोन कुणी कुणाला करायचा, हे आखायला अजून कागद कोरा आहे.